ग्रीक-रोमन पुरातत्त्वात करिअर करायचंय? या चुका टाळा

"ग्रीसमध्ये उत्खनन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी विचारते, ग्रीक कुठवर आलं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "पीएचडीला प्रवेश मिळाला की शिकेन." मी स्वतः केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुकांपैकी सर्वात महाग पडणारी चूक या एका वाक्यात आहे. हुशार माणसंही इथे अडतात, कारण जे काम मुरायला वर्षं लागतात तेच शेवटावर ढकललेलं असतं.

भाषा नंतर शिकू

प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये क्लासिक्सच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन विद्येच्या, पदवी अभ्यासक्रमातली ग्रीक-लॅटिनची सक्ती काढली. तेव्हापासून "आता भाषा लागत नाहीत" हा समज पसरला आहे. तो निर्णय पदवीपुरता होता. त्याच्या पुढे, विशेषतः पीएचडीला आणि नोकरीला, ग्रंथ आणि शिलालेख मुळातून वाचता येतात की नाही हे आजही पाहिलं जातं. पुरातत्त्वाकडे जाणाऱ्यांना एका भाषेवर भागवता येतं असे विभाग आहेत, पण दोन्ही येणाऱ्यासमोर असे विद्यार्थी मागेच पडतात.

देश निवडताना हा हिशोब आधी करा. अमेरिकेत पीएचडी पाच-सहा वर्षं चालते आणि पहिली दोनेक वर्षं वर्गात जातात, म्हणजे कच्ची भाषा पक्की करायला थोडी जागा मिळते. ब्रिटनमध्ये तीन-साडेतीन वर्षांत प्रबंध द्यायचा असतो, तिथे शिकायला वेळच उरत नाही. पदवी दुसऱ्याच विषयात झाली असेल तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या काही ठिकाणी फक्त भाषा पक्क्या करण्यासाठी पदवीनंतरचा वेगळा अभ्यासक्रम असतो. तो महाग आहे. तरीही पीएचडीच्या मधोमध अडकण्यापेक्षा स्वस्त पडतो.

मी लॅटिन तेविसाव्या वर्षी सुरू केलं, ग्रीक चोविसाव्या. अनुवादाच्या पहिल्या परीक्षेत नापास झाले. शब्दकोशाशिवाय थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराचा उतारा समोर आला आणि पहिल्या वाक्याचं क्रियापदच सापडेना. कारण नंतर लक्षात आलं. मी वर्षभर लोएब मालेची हिरवी पुस्तकं वाचत होते. त्यांत डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं. नजर उजवीकडे जाते आणि डावीकडचं समजलं असं वाटत राहतं. पर्सियस या संकेतस्थळावर शब्दावर क्लिक केलं की व्याकरण फोडून मिळतं, त्याचंही तेच. पडताळून पाहायला दोन्ही साधनं उत्तम आहेत, शिकायला नाहीत. माझी गाडी रुळावर आली ती रोज वीस ओळी वहीत हाताने उतरवून, प्रत्येक क्रियापदाखाली रूप लिहून, अडलेला शब्द दिवसाच्या शेवटीच पाहायचा असं ठरवल्यावर. सहा महिन्यांत फरक पडला.

आधुनिक भाषांकडे तर कोणी बघतच नाही. ऑलिंपियाचं उत्खनन जर्मनांनी १८७५ मध्ये सुरू केलं, डेल्फीचं फ्रेंचांनी १८९२ मध्ये, आणि पाँपेईचे अहवाल इटालियनमध्ये आहेत. ज्या स्थळावर काम करायचं त्या स्थळाची एक अशी भाषा असते. मॅक्सम्युलर भवन किंवा अलियान्स फ्राँसेजमध्ये पदवीच्या काळातच वाचनापुरतं जर्मन-फ्रेंच करून ठेवा. आणि आजची ग्रीक बोलायला शिका. उत्खननातल्या वस्तू ठेवलेल्या गोदामाची किल्ली ज्यांच्या हातात असते ती माणसं ती भाषा बोलतात.

संस्कृत झालंय, म्हणजे सोपं जाईल

जातं, पण अर्ध्या वाटेपर्यंत. ज्याने अभरम् हे रूप शिकलं आहे त्याला ग्रीकमधलं एफेरॉन पाहताच सुरुवातीचा आगम (भूतकाळ दाखवणारा जोड-स्वर) ओळखू येतो. आत्मनेपद माहीत असेल तर ग्रीकचा मध्यम प्रयोग समजावून सांगावा लागत नाही. द्विवचन पाहून कोणी दचकत नाही. आणि ग्रीक महाकवी होमरच्या हेक्सामीटर या वृत्तात लघु-गुरू मोजताना जोडाक्षरापूर्वीचं अक्षर गुरू हा शाळेतला नियम जसाच्या तसा कामी येतो. माझ्या वर्गात वृत्त पहिल्याच दिवशी जमलेली मी एकटी होते, तो आनंद अजून आठवतो.

अडचण विभक्तीत येते. संस्कृतातून येणारा विद्यार्थी ग्रीकमध्ये तृतीया आणि सप्तमी शोधत बसतो. त्यांची कामं ग्रीकमध्ये चतुर्थीने घेतली आहेत आणि पंचमीचं काम षष्ठीने. लॅटिनमध्ये उलट, पंचमीनेच तृतीयेचं आणि बरंचसं सप्तमीचं काम उचललं आहे. दुसरी अडचण भूतकाळाची. शाळेच्या संस्कृतात लङ् हा भूतकाळ सगळीकडे भेटतो, लुङ् हा दुसरा भूतकाळ क्वचितच. ग्रीक गोष्ट मात्र ऑरिस्टवर, म्हणजे लुङ्च्या या भावंडावर चालते आणि लङ्सारखं रूप 'चाललं होतं', 'करत होता' अशा अर्थाचं असतं. हे दोन अर्थ एक धरले की लढाईचं अख्खं वर्णन उलटंपालटं होतं.

स्वतःचं उत्खनन हवं

ग्रीसमध्ये परदेशी विद्यापीठांना उत्खननाची परवानगी आपापल्या देशाच्या अथेन्समधल्या पुरातत्त्वसंस्थेमार्फत मागावी लागते, आणि अशा परवानग्या मोजक्या असतात. फ्रेंचांची संस्था १८४६ ची, अमेरिकनांची १८८१ ची, ब्रिटिशांची १८८६ ची. भारताची अशी संस्था तिथे नाही. म्हणजे आपल्याला कोणाच्या तरी चमूतूनच जावं लागतं. पहिले हंगाम चर खणण्यात, खापरं धुण्यात आणि पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहिण्यात जातात. (चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. साध्या पेनाची शाई ओलीत पसरते, आणि थर कुठला ते हरवलं की ते खापर अभ्यासाला जवळपास निकामी होतं.)

मला मनापासून सांगायचं आहे ते असं की प्रबंधासाठी नव्या चराची वाट पाहू नका, गोदामात जा. तिथे त्याला अपोथिकी म्हणतात. वीस-तीस वर्षांपूर्वी निघालेली, धुतलेली, क्रमांक घातलेली आणि आजवर न छापलेली भांडी तिथे क्रेटांत पडून आहेत.

न छापल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण क्रीट बेटावरच्या क्नोसॉसचं आहे. आर्थर इव्हान्सला १९०० मध्ये तिथे लिनिअर बी या तेव्हा न वाचता येणाऱ्या प्राचीन लिपीतल्या मातीच्या पाट्या सापडल्या. तो १९४१ मध्ये वारला तोवर त्यातल्या बहुसंख्य पाट्या अप्रकाशित होत्या. त्यांचा खंड निघाला १९५२ मध्ये. उलट ग्रीसमधल्या पायलॉसला कार्ल ब्लेगनला पाट्या मिळाल्या १९३९ मध्ये, आणि मध्ये महायुद्ध होऊनही एमेट बेनेटने त्या १९५१ मध्ये छापल्या. पुढच्याच वर्षी मायकल व्हेंट्रिसने लिपी उलगडली आणि तिच्यातली भाषा ग्रीक निघाली. अ‍ॅलिस कोबरने या उलगड्याचा पाया घातला होता. तिला बराच काळ मूठभर छापील पाट्यांवर काम करावं लागलं आणि १९५० मध्ये ती गेली. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. उत्खनन केलेला थर पुन्हा खणता येत नाही, त्यामुळे न छापणं म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी आयुष्य अडवून ठेवणं.

तुमच्या पातळीवर हीच चूक परवानगीच्या रूपात येते. "हो, ती भांडी तू घे" असं उत्खनन-संचालक जेवणाच्या टेबलावर म्हणतात आणि विद्यार्थी त्यावर दोन वर्षं काम करतो. माझ्या एका सहाध्यायीची तशीच दोन वर्षं गेली. तोच साठा आधी दुसऱ्या कोणाला दिलेला निघाला. कोणत्या चरातलं, कोणत्या क्रमांकांचं, किती मुदतीपर्यंत आणि छायाचित्रांसकट की त्यांच्याशिवाय, हे सगळं लेखी घ्या. अप्रकाशित वस्तूचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका, वस्तू तुम्ही स्वतः काढलेली असली तरी. एवढ्याने पुढच्या हंगामाचं दार बंद झालेलं मी पाहिलं आहे.

साहित्य येईनासं झालं तर थांबून राहू नका. त्याच प्रकारच्या छापील भांड्यांचा तुलनात्मक भाग आधी लिहा आणि प्रबंधाची मांडणी एकाच गोदामावर टेकवू नका.

ग्रंथ आधी, खापर नंतर

श्लीमानने १८७३ मध्ये ट्रॉयला सोन्याचा साठा काढला आणि त्याला प्रायामचा, म्हणजे होमरच्या काव्यातल्या ट्रॉयच्या राजाचा, खजिना म्हटलं, कारण त्याच्या मनात होमर होता. तो साठा ज्या थरातला होता तो होमरच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचा. वाटेतले वरचे थर त्याने मोठा चर पाडून उडवले होते.

ही चूक आपल्याकडेही झाली आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात भडोच, पैठण, तेर, सोपारा, कल्याण, चौल यांचे उल्लेख आहेत आणि भारतात येणाऱ्या इटालियन द्राक्षारसाचाही आहे. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर जाडसर परदेशी खापर मिळालं की ते रोमन अँफोराचं (द्राक्षारस-तेलाच्या दोन कानांच्या रांजणाचं) असं लिहिलं गेलं. भांड्यांच्या अभ्यासक रोबेर्टा टोंबर यांनी ही खापरं पुन्हा तपासली तेव्हा त्यांतली बरीच टॉर्पेडो जार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेसोपोटेमियाच्या भांड्यांची निघाली. आतून डांबरासारखा लेप, लांबट घडण, बिनकानाची. कार्ल्याच्या खांबांवरचे लेखही असेच सावधपणे वाचावे लागतात. स्वतःला यवन म्हणवणाऱ्या तिथल्या दात्यांची नावं भारतीय वळणाची आहेत, आणि 'यवन' दिसलं की 'ग्रीक' असं भाषांतर करून मोकळं होता येत नाही.

उपाय साधा आहे. दहापट भिंग घ्या, खापराची ताजी कड पाहा, मातीतले कण, भाजणी, लेप नोंदवा आणि नाव सर्वात शेवटी लिहा.

बाजारातून आलेली वस्तू

कोणी संग्राहक नाणं किंवा पपायरसचा (इजिप्तच्या वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा 'प्रथम प्रकाशनासाठी' देऊ करेल. प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. त्याआधी ती वस्तू उगमदेशाबाहेर होती याची कागदपत्रं नसतील तर नम्रपणे नाही म्हणा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये घेतलेला युफ्रोनिऑस या ग्रीक चित्रकाराचा क्रेटर (द्राक्षारस मिसळायचं मोठं भांडं) २००८ मध्ये इटलीला परत गेला. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (प्राचीन ज्यू हस्तलिखितांचे) म्हणून घेतलेले सोळाही तुकडे बनावट असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. अशा वस्तूंवर लिहिलेल्या लेखाखाली तुमचं नाव कायम राहतं.

अर्ज, व्हिसा, नोकरी

अर्जातल्या निवेदनाची सुरुवात लहानपणी वाचलेल्या ट्रॉयच्या घोड्याने करू नका. निवड समितीने ती शेकडो वेळा वाचलेली असते. एक प्रश्न, त्याचं साहित्य आणि ते वाचण्यापुरती तुमची तयारी, हे पहिल्या परिच्छेदात यावं.

शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच मिळतो, आणि ब्रिटनमध्ये शिकत असलात तरी भारतीय पारपत्रावर तो वेगळा काढावा लागतो. अर्ज सहा महिने आधी करता येतो. जूनच्या हंगामासाठी मे महिन्यात धावपळ करू नका.

नोकऱ्या कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. हॉवर्ड विद्यापीठाने क्लासिक्सचा विभाग बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर केलं, त्याच वर्षी शेफील्डने पुरातत्त्वाचा. म्हणून भांड्यांच्या जोडीला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर किंवा सांख्यिकीचं एक साधन हाताशी असू द्या आणि पूर्ण शिष्यवृत्ती नसलेली पीएचडी घेऊ नका. याबाबतीत मी अपवाद मान्य करत नाही.

भारतीय आहेस, मग भारत-रोम व्यापार घे

हे तुम्हाला प्रेमाने सुचवलं जाईल. विषय खरोखर मोठा आहे. व्हिएन्नात केरळच्या मुझिरिस या प्राचीन बंदराच्या सफरीचा कर्जकरार लिहिलेला पपायरस आहे, इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय मिरी आणि बुद्धमूर्ती मिळाली आहे, आणि आपल्याकडे ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पण हा विषय घेणाऱ्याला ग्रीक-लॅटिनबरोबर प्राकृत आणि ब्राह्मीही लागते, भूमध्य सागराकडची भांडी आणि दख्खनची भांडी दोन्ही ओळखावी लागतात. काम कमी होत नाही, दुप्पट होतं. हे ओझं आवडत असेल तरच घ्या. नसेल तर कोरिंथच्या दिव्यांवर किंवा इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांवर काम करण्याचा तुमचा हक्क कोणाही जर्मन किंवा अमेरिकन विद्यार्थ्याइतकाच आहे, आणि मार्गदर्शकाला तसं पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.