मोझेलच्या खोऱ्यातल्या घरगुती वायनरी: एका दिवसाची खाजगी सहल कशी आखावी

जर्मनीत मोझेल नदीकाठी एका दिवसासाठी जायचं असेल तर आधी एवढं ठरवा: तीनच घरं, म्हणजे तीनच वायनरी. चौथं नको. भारतातून आलेले पाहुणे नकाशा बघतात आणि कोखेमपासून ट्रीअरपर्यंत सगळंच करू म्हणतात. पण ही नदी वळणावळणाची आहे. ट्राबेन-ट्रारबाखहून बर्नकास्टेलला डोंगरावरून पायी गेलं तर सात-आठ किलोमीटर आणि काठाच्या रस्त्यानं गाडीनं गेलं तर वीसच्या वर. दुसरा हिशेब पेल्याचा. एका घरी साधारण सहा वाइन चाखायला देतात. प्रत्येक वेळी 50 मिलिलिटर धरले तर 300 मिलिलिटर, तीन घरांत 900. बाटली 750 ची असते. चौथ्या घरी जिभेला काही कळतच नाही, आणि ज्यांनी वर्षभर त्या उतारावर राबून ती वाइन केली त्यांच्यासमोर असं बसणं बरं नव्हे.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. लग्नानंतर फ्रँकफर्टजवळ राहते. नातेवाईक आले, माहेरच्या गावातले बागायतदार आले, की त्यांना मोझेलला न्यायचं काम माझ्याकडे येतं आणि मी ते आनंदानं करते. ही सगळी माहिती त्यातूनच जमलेली आहे.

कोणता पट्टा धरायचा

मोझेल फ्रान्समध्ये व्होज डोंगरात उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून येते आणि कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते. एका दिवसासाठी तिचा मधला भाग घ्या, त्यातही बर्नकास्टेल ते ऊर्त्सिग. ग्राख, वेलेन, त्सेल्टिंगन, एर्डेन, ऊर्त्सिग ही गावं एकापाठोपाठ एक लागतात. गाडीत फार वेळ जात नाही आणि जगातल्या उत्तम रीसलिंगचे मळे एवढ्याशा पट्ट्यात आहेत.

हाच पट्टा का, तर इथे माती बदलते. वेलेनला करडी-निळी पाटीच्या दगडाची जमीन आहे. थोडं खाली ऊर्त्सिगला गेलात की उतार लालभडक. द्राक्ष दोन्हीकडे एकच, रीसलिंग. हवामान तेच, नदी तीच. तरी वेलेनची वाइन सरळ, हलकी, पांढऱ्या फळांच्या वासाची लागते आणि ऊर्त्सिगची मसालेदार. दिवसभरात एवढा फरक जिभेला कळला तरी सहल सार्थकी लागली. म्हणून पहिलं घर वेलेन किंवा ग्राखचं ठरवा, दुसरं ऊर्त्सिगचं, तिसरं परतीच्या वाटेवरचं. आणि दोन्हीकडे एकाच सालाची, एकाच प्रकारची वाइन मागा.

कोखेमचा किल्ला देखणा आहे, पण तिथे पर्यटकांची गर्दी फार. तो वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

गाडी आणि चालक

फ्रँकफर्टहून बर्नकास्टेल मोटारीनं दोन तासांच्या आत-बाहेर. बी-50 रस्त्यानं आलात तर 2019 मध्ये सुरू झालेला होखमोझेल पूल लागतो. सुमारे 1.7 किलोमीटर लांब, नदीपासून जवळजवळ 160 मीटर उंच. पुलावरून खोरं पहिल्यांदा दिसतं तेव्हा गाडीतल्या गप्पा थांबतात. तो बांधताना इथल्या बऱ्याच वाइनवाल्यांनी कडाडून विरोध केला होता, वरच्या जंगलातून मळ्यांना मिळणाऱ्या पाण्यावर परिणाम होईल या भीतीनं. चाखायला बसाल तेव्हा हा विषय काढून बघा, बोलणं आपसूक रंगतं.

रेल्वेनं यायचं तर लक्षात ठेवा: कोब्लेन्झ–ट्रीअर लोहमार्ग बुलाय गावानंतर नदी सोडतो, त्यामुळे बर्नकास्टेलला स्टेशनच नाही. व्हिटलिशला उतरायचं आणि तिथून पुढे भाड्याची गाडी. या भागातले टॅक्सीवाले तासांवर किंवा पूर्ण दिवसासाठी गाडी देतात. सात-आठ जण असाल तर छोटी व्हॅन मिळते आणि खर्च विभागला जातो. आधी लेखी दर घ्या. किती तास, थांबण्याचे पैसे वेगळे का, फ्रँकफर्टपर्यंत परत सोडणार का, हे तिन्ही त्यात यायला हवं. चालकाच्या दुपारच्या जेवणाचं आपण बघायचं.

स्वतः गाडी चालवून वाइन चाखणं मला पटत नाही. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी 0.5 आहे. 21 वर्षांखालच्यांना आणि परवान्याची पहिली दोन वर्षं पूर्ण न झालेल्यांना तर शून्य. काठाचे रस्ते अरुंद, सायकलवाले भरपूर. गटातल्या एकानं दिवसभर न पिता गाडी चालवायची तयारी दाखवली तर त्याला प्रत्येक घरी द्राक्षांचा रस मागून द्या. तो त्यांच्याच मळ्यातला असतो आणि फार छान असतो.

घर कसं निवडायचं

प्रत्येक गावात डझनानं पाट्या दिसतात. मी निवडताना बाटलीवरचे शब्द बघते. ‘गुट्सआबफ्युलुंग’ लिहिलेलं असेल तर ज्यानं द्राक्षं पिकवली त्यानंच वाइन करून बाटलीत भरली आहे. ‘एर्झॉयगरआबफ्युलुंग’ हा शब्द सहकारी संस्थाही वापरतात. त्यांची वाइन वाईट असते असं नाही, पण आपल्याला घर बघायचं आहे.

मळ्याच्या नावाकडेही लक्ष द्या. आधी गाव, मग मळा: वेलेनर सोनेनउर, ऊर्त्सिगर व्युर्झगार्टन, बर्नकास्टेलर डॉक्टर. पण पीस्पोर्टर गोल्डट्रोप्फशेन आणि पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग ही दोन नावं सारखी वाटली तरी पहिला एक उंच, कसदार उतार आहे आणि दुसऱ्या नावाखाली कितीतरी गावांची, सपाट जमिनीवरचीसुद्धा द्राक्षं येतात. 1971 च्या जर्मन वाइन कायद्यानं हा गोंधळ करून ठेवला. दुकानात स्वस्त दिसते ती बहुधा दुसरी.

घर ठरलं की दोन-तीन आठवडे आधी मेल करा. न कळवता दारात उभं राहिलात तर कुणी हाकलत नाही, पण घरचा माणूस मळ्यात असतो आणि घाईत चार पेले ओतून दिले जातात. मेलमध्ये लिहा: तारीख, वेळ, किती जण, किती वाइन चाखायच्या, इंग्रजी बोलणारं कुणी असेल का, आणि तळघर व मळा दाखवाल का. नवी पिढी बहुतेक गाइझेनहाइमसारख्या ठिकाणी वाइनचं शिक्षण घेऊन आलेली असते, इंग्रजी चांगलं बोलते. आजी-आजोबा फक्त जर्मन. शक्य असेल तर त्यांच्याशीच बसा, सोबत कुणी भाषांतर करणारं असलं की झालं. रविवारी बरीच घरं बंद असतात, म्हणून शुक्रवार किंवा शनिवार धरा.

कधी जायचं

मे-जून सगळ्यात उत्तम. वेली हिरव्यागार, घरच्या माणसांना जरा सवड. द्राक्षं लगडलेली बघायची असतील तर सप्टेंबरची सुरुवात, पण पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास बर्नकास्टेलला मोठा वाइन महोत्सव असतो, तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर तोडणीचा हंगाम. माहेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या घरी जी धांदल असते तीच इकडे तेव्हा असते. त्या दिवसांत खाजगी भेट मागू नका. त्याऐवजी अर्धवट आंबलेली ताजी ‘फेडरवाइसर’ पेलाभर प्यायला एखाद्या दुपारी जा. सोबत कांद्याचा केक मिळतो, त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. शाकाहारी असाल तर ‘ओन श्पेक’ म्हणजे त्याशिवायचा आहे का हे आधी विचारा.

पेल्याआधी उतार चढा

सगळ्या दिवसात माझा हट्ट एकाच गोष्टीचा असतो. पहिल्या घरी जाण्याआधी अर्धा-पाऊण तास मळ्यात घालवायचा. वेलेनला गाव एका काठावर आणि मळा समोरच्या काठावर आहे. झुलत्या पुलावरून पलीकडे जा आणि पायवाटेनं वर चढा. कड्यावर रंगवलेलं मोठं सूर्यघड्याळ दिसेल, 1842 मध्ये योडोकुस प्र्युम यांनी मजुरांना वेळ कळावी म्हणून ते केलं. मळ्याचं नावही त्यावरूनच.

बूट पकड असलेले हवेत. पाटीचे दगड पायाखाली सरकतात. एक दगड हातात घ्या, दुपारी तो चांगला तापलेला असतो. दिवसभराची उष्णता तो रात्री वेलीला देतो. या थंड प्रदेशात द्राक्ष पिकतं ते दक्षिणेकडे तोंड केलेला उतार, नदीवरून परावर्तित होणारा उजेड आणि हा दगड, या तिघांमुळे. प्रत्येक वेलीला स्वतंत्र लाकडी खांब असतो. दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधलेल्या असतात, म्हणजे माणसाला उतारावर कुठूनही आडवं जाता येतं. ट्रॅक्टर चालत नाही. काही ठिकाणी एका रुळावरची छोटी गाडी माणसं आणि क्रेट वर नेते, बाकी सगळं पाठीवर. खाली कोखेमच्या बाजूला ब्रेमजवळचा काल्मोंट तर काही ठिकाणी 60 अंशांहून जास्त चढा आहे.

आमचे दादा आले होते तेव्हा ते खांब बघत बराच वेळ उभे राहिले. द्राक्षाच्या मंडपाखाली आयुष्य गेलेला माणूस. त्यांचे प्रश्न होते: पाणी कसं देता, डाऊनी (वेलीचा बुरशीचा रोग) किती येतो, छाटणी किती वेळा. पाणी मुख्यतः पावसाचंच. डाऊनी येतो, कधी कधी फारच. छाटणी हिवाळ्यात एकदाच, आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशी दोनदा नाही. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर तोच, फक्त मोजमापाचं एकक ब्रिक्सऐवजी एक्सले. हे ऐकल्यावर त्या घरचे म्हातारे गृहस्थ आणि दादा भाषा येत नसताना वेलीकडे बोट दाखवत तासभर बोलत राहिले. तुमच्यासोबत कुणी बागायतदार असेल तर मेलमध्ये ते जरूर लिहा. त्या एका ओळीनं स्वागत बदलतं.

वर उभं राहिल्यावर हिरव्या मळ्यांमध्ये झुडपं माजलेले तुकडे दिसतील. ते सोडून दिलेले मळे. मजुरी परवडत नाही, मुलं शहरात गेली. आपल्याकडे बाग तोडून टाकलेली बघताना पोटात जे होतं तेच मला इथे होतं.

चाखताना

क्रम त्यांच्यावर सोडा. कोरडीकडून गोडाकडे नेतात. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकन’ 18 पर्यंत. ‘फाइनहेर्ब’ साधारण तशीच किंवा किंचित गोड, पण या शब्दाला कायद्यात ठरलेला आकडा नाही. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही चढती पायरी द्राक्ष तोडताना किती पिकलं होतं त्याची. गोडसर काबिनेटमध्ये अल्कोहोल 8 टक्क्यांच्या आसपासच असतं, त्यामुळे पहिल्यांदाच वाइन घेणाऱ्या आपल्या मावशी-काकूंना ती आवडते. गोड म्हणजे हलक्या दर्जाची वाइन हा समज इथे सोडून द्या. मोझेलच्या आम्लतेमुळे ती गोडी चिकट लागत नाही.

टेबलावर थुंकायचं भांडं असतं. बिनधास्त वापरा, उरलेली वाइनही त्यात ओता. घरच्यांना त्यात अपमान वाटत नाही, उलट तुम्ही नीट चाखताय हे कळतं. अत्तर, सुगंधी तेल त्या दिवशी लावू नका. एक प्रश्न सगळीकडे विचारा: पाच-दहा वर्षं जुनी एखादी बाटली उघडता येईल का? जुन्या रीसलिंगला येणारा पेट्रोलसारखा, मधासारखा वास एकदा घ्यायलाच हवा. त्या बाटलीचे पैसे देऊ करा.

कडक शाकाहारी मंडळींसाठी: वाइन नितळ करायला काही घरं अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन वापरतात. ‘व्हेगन’ लिहिलेली बाटली मागा.

दुपारचं जेवण

‘श्ट्राउसव्हिर्टशाफ्ट’ शोधा. वाइन पिकवणाऱ्या कुटुंबाला वर्षातले जास्तीत जास्त चार महिने, 40 पर्यंत आसनं मांडून, स्वतःच्या वाइनसोबत साधं जेवण द्यायची ही मुभा आहे. दारावर झाडू किंवा डहाळ्यांचा जुडगा टांगलेला असतो. ब्रेड, चीज, बटाटे, सूप यावर शाकाहारी माणसाचं भागतं. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या असतील तर नदीकाठच्या बाकावर खा, त्यांच्या अंगणात नको.

पैसे आणि बाटल्या

रोख युरो जवळ ठेवा. कित्येक घरं परदेशी क्रेडिट कार्ड घेत नाहीत. चाखण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी खरेदीतून वजा होतात. चांगली बाटली दहा-पंधरा युरोंत मिळते. ज्या घरानं दीड-दोन तास दिले तिथून निदान सहा बाटल्या गटानं मिळून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण ते उतार याच विक्रीवर टिकून आहेत.

भारतात परतणाऱ्यांना माणशी 2 लिटर दारू शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात. त्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, मधोमध. एक ऊर्त्सिगची फाइनहेर्ब न्या, भरल्या वांग्यांसोबत किंवा कोळंबीच्या कालवणासोबत ती फार जुळते, तिखटावर थोडी गोडी हवीच असते. दुसरी वेलेनची काबिनेट. मुंबईत उतरल्यावर बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून नाशिकपर्यंत उन्हात नेऊ नका, पायाशी एसीत ठेवा, आणि उघडण्याआधी दोन आठवडे घरातल्या थंड कोपऱ्यात आडव्या पडू द्या.