बारावीनंतर आर्ट की डिझाइन? गोव्यातल्या पोरांनी फॉर्मचं कसं करायचं

सायन्स घेतलं नाही म्हणून अडत नाही. बीएफए (आर्टची डिग्री) काय आणि बी.डेस (डिझाइनची) काय, बारावी पास लागते, आर्ट्स-कॉमर्सवालेही चालतात. फिजिक्स-मॅथ्स लागतं ते आर्किटेक्चरला, पण पणजीत आल्तिनोवर आर्ट कॉलेजही आहे नि आर्किटेक्चरचंही, त्यामुळे घरचे दोन्ही एकच समजून बसतात.

खरा घोळ तारखांचा. गोवा कॉलेज ऑफ आर्टची धावपळ बोर्डाची परीक्षा झाल्यावर असते, तिथे अॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. पण युसीड (आयआयटी वगैरेंच्या बी.डेसची प्रवेश परीक्षा), एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन-फॅशनच्या संस्था, यांचे फॉर्म बोर्डाच्या आधीच बंद होतात. आयआयटी मुंबई घेते ती युसीड जानेवारीत असते आणि फॉर्म साधारण ऑक्टोबरात सुटतात, म्हणजे रिझल्ट लागल्यावर बघू म्हणणाऱ्याचं वर्ष गेलंच. चवथ (गणपती) आटपली की वेबसाइट बघायला लागा. युसीड लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, उगाच ट्राय म्हणून एक चान्स घालवू नका.

आता तयारी. युसीडचा पार्ट ए कॉम्प्युटरवर, दोन तास, त्यातल्या काही प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग. पार्ट बी एक तास, कागदावर ड्रॉइंग. निफ्टला चित्राचा आणि जनरल पेपर, पुढे सिच्युएशन टेस्ट, त्यात दिलेल्या मटेरियलमधून हाताने वस्तू बनवायची. म्हणून फोटोवरून शेडिंग केलेले हिरो-हिरोईनचे चेहरे कितीही सुंदर असले तरी इथे फारसे उपयोगी नाहीत (नातेवाईकांना मात्र तेच आवडतात). समोरची वस्तू बघून काढा. घरात गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधली की खाली बसून वर बघत काढा, सुपारीच्या घडाआड नारळ किती झाकला जातो, तोरिंगण (पपनस) खालून कसं दिसतं, आणि तीच माटोळी उद्या न बघता काढा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली बाई दोन-तीन मिनिटांत रेषेत पकडता आली तर क्लासची फी वाचली समजा. पार्ट एला मात्र जुने पेपर घड्याळ लावून सोडवाच.

कागदपत्रं: गोव्यातल्या सीटसाठी मामलेदाराकडचा रेसिडेन्स दाखला आधीच काढून ठेवा. ओबीसी असाल तर युसीडला नॉन क्रिमीलेयर केंद्राच्या फॉरमॅटमधलं लागतं, राज्याचं दाखवून चालत नाही, आणि ते जुनं नको, त्या वर्षीचं.