ऑफिसातल्या चाळीस जणांनी श्रमदानाला जायचं, तर तयारी कशी करावी

पावसाचं पाणी अडवणारे चर खणायला श्रमदानाला जायचं, तर तारीख ठरवण्याआधी गावाला फोन करा. पहिल्या खेपेला आम्ही उलटं केलं. आपल्या सोयीचा शनिवार धरला, बस केली आणि साडेनऊला पोचलो. गावातल्या बाया पहाटेपासून आमच्यासाठी पोहे करत होत्या. नारळ, सत्कार उरकून टिकाव हातात आला तेव्हा माळ तापला होता. आमच्यामुळे गावाची एक सकाळ वाया गेली, याची खंत मला अजून आहे.

म्हणून गाव निवडताना एकच कसोटी लावा: तिथे काम आधीपासून सुरू आहे का? २०१६च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, ते गावकरी स्वतः रोज खणत होते म्हणून. पुढे शहरांतून ‘जलमित्र’, म्हणजे श्रमदान करणारे स्वयंसेवक, गेले, १ मे २०१८ला महाश्रमदानही झालं. पण त्या एका दिवसाला अर्थ आला तो गावांच्या दीड महिन्याच्या घामामुळे. कंपनीच्या जवळचं गाव मिळालं तर फारच छान, वरचेवर जाता येतं.

सरपंच आणि ग्रामसेवकांशी बोलताना जागेचं आधी विचारा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलणं होतं, वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी हवीच. मग आखणीचं. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा खणलेला लांब चर, एकाच पातळीत असावा लागतो. पातळी चुकली की पाणी एका टोकाला साचतं, भराव फोडतं आणि माती घेऊन खाली जातं. म्हणून जाणकाराकडून ए-फ्रेमने (पातळी काढायची A आकाराची चौकट) पातळी काढून आदल्या दिवशीच चुन्याची फक्की मारून घ्या. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचं. वरचं पाणी अडलं नाही तर खालचे चर टिकत नाहीत.

आता हिशोब. चर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असतो. म्हणजे १ मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. सवय नसलेल्या माणसाकडून एका सकाळी २ मीटर धरा. चाळीस जणांचे ८० मीटर झाले, तर एका भरण्यात १४,४०० लिटर पाणी अडतं. हा आकडा सगळ्यांना आधीच सांगा. आपण कशासाठी वाकतोय ते कळलं की हात चालतात.

सकाळी सहाला माळावर हजर राहा आणि साडेनऊला थांबा. चौघांची टोळी करा: एक टिकावावर, एक फावड्यावर, दोघं घमेल्यांवर, दर पंधरा मिनिटांनी पाळी बदला. माती उताराच्या बाजूला टाकायची, वरच्या बाजूला टाकली तर पहिल्या पावसात परत चरात येते. पाणी आणि नाश्ता आपला आपण न्या. ज्यांना खणणं झेपत नाही त्यांनी पाणी पोचवावं, मोजमाप घ्यावं. त्यांना घरी बसवू नका.

पैशाच्या बाबतीत मी कडक आहे. हाताने न होणाऱ्या कामाला, म्हणजे नाला खोलीकरणाच्या मशीनच्या डिझेलला, निधी लागतो. तो एखाद्या सहकाऱ्याच्या यूपीआयवर गोळा करू नका. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. त्यापेक्षा देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. ८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती मागा. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, हे लोकांना आधी सांगा.

कंपनीकडे वेगळी मागणी करा: कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक रुपयामागे कंपनीचा एक रुपया. तुमच्या श्रमाच्या तासांची किंमत लावून ती सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्चायच्या नफ्याच्या, दोन टक्क्यांत दाखवता येत नाही, त्यामुळे ‘माणसं पाठवली, झालं’ एवढ्यावर व्यवस्थापनाला सोडू नका. डिझेलची बिलं ऑफिसात सगळ्यांना दिसतील अशी लावा.

आणि बसचं भाडं ठरवताना जुलैची एक फेरी त्यातच धरा. मोठा पाऊस पडून गेला की माळावर जा, कुठला चर भरला, कुठला फुटला ते गावकऱ्यांबरोबर फिरून बघा. फुटलेल्यांची यादी करा आणि फावडी बरोबर असू द्या.