बादलीभर पाण्यात बसणारा फुलांचा वाफा

फुलांचा वाफा करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी रोपवाटिका गाठतात. मराठवाड्यात उलट टोकाकडून सुरुवात करावी: मे महिन्यात या वाफ्यासाठी घरातून रोज किती पाणी काढता येईल? दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्याला ऐन उन्हाळ्यात, वर आच्छादन असतानाही, रोज पंधरा-वीस लिटर लागतं. म्हणजे बादली, दीड बादली. टँकरवर चालणाऱ्या घरात एवढं निघत नसेल तर वाफा पाच फूट लांबीचाच करा. चार फुटांपेक्षा रुंद मात्र करू नका, मधलं तण काढायला आत पाय द्यावा लागतो आणि माती दबते.

आखणीला सुतळी आणि चार खुंट्या पुरतात. कोपरा काटकोनात हवा असेल तर एका बाजूला तीन फुटांवर आणि दुसरीला चार फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा बरोबर. रांगोळीने रेघ ओढून दोन दिवस तशीच राहू द्या. गाडी कुठून वळते, वाळवणाची बाज कुठे पडते, ऊन किती तास टिकतं, सगळं त्यात कळतं. झेंडूला किमान सहा तास ऊन लागतं. काळ्या मातीवर घर असेल तर वाफा भिंतीपासून तीन फूट लांब ठेवा. ही माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, आणि पायाशी हा खेळ रोज चालू दिला तर भिंतीला तडे जातात.

माती

पैसे खर्च करायचेच तर ते इथे करा. रोपं फुकट मिळतात.

गोदाकाठची भारी काळी जमीन आणि बालाघाटाच्या डोंगररांगेवरची मुरमाड जमीन यांना एकच रीत लागू पडत नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून रोपं सडतात, म्हणून वाफा सहा इंच उंच हवा. मुरमाड जमिनीत पाणी थांबतच नाही. तिथे फूटभर खणून मोठे खडे काढा आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खोलच ठेवा.

खणायचं एप्रिल-मेमध्ये, एक फूट खोल. ढेकळं उन्हात तापू द्या, हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा. एक गाठ राहिली तरी पावसात दहा कोंब दिसतील. पहिल्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे माती धड चिखल नाही आणि धड कोरडी नाही अशी झाली, की ती फोडा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका: फुटला तर वाफसा आहे, चपटा होऊन बसला तर थांबा. ओल्यात फावडं घातलेली काळी माती वाळली की दगड होते.

आता चाळीस चौरस फुटांत पंधरा घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, म्हणजे साधारण दोन इंचांचा थर, आणि एक किलो निंबोळी पेंड मिसळा. काळ्या जमिनीत उंचीसाठी माती विकत आणायची गरज नाही: वाफ्याभोवतीच्या दीड फुटी वाटेची वरची चार इंच माती उचलून वाफ्यावर टाका आणि वाटेत मुरूम भरा. पावसाळ्यात चप्पलही चिखलात रुतणार नाही.

शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यातून हुमणी येते. पांढरी, वेटोळं करून पडलेली ही अळी मुळं खाते. चांगलं वाढलेलं रोप एकाएकी माना टाकतं आणि ओढलं तर अलगद हातात येतं. म्हणून खत चाळूनच घ्या. काळ्या मातीत चार घमेली वाळू टाकून ती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. ते पैसे खतात घाला. राख, चुना आणि अंड्याची टरफलंही नकोत. आपल्या मातीत चुनखडी आधीच भरपूर आहे.

कड

पाडलेल्या घराच्या जुन्या विटा तिरक्या, करवतीच्या दातांसारख्या लावल्या तर अठ्ठावीस फुटांच्या घेराला ऐंशीच्या आसपास लागतात. खाली दोन इंच मुरूम दाबून वीट निम्मी गाडा. सिमेंट लावू नका. माती फुगली-आकसली की सांधे तडकतात, सुटी वीट मात्र हलून परत बसते. शहाबादी फरशीचे तुकडेही चालतात. कडेलगतची वाफ्यातली माती विटेच्या माथ्यापेक्षा दोन इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर बादलीतलं पाणी थेट वाटेवर.

लागवड

वाफा दोन्ही बाजूंनी दिसणारा असेल तर उंच झाडं मधोमध: झेंडूची सात रोपं, दीड-दीड फुटावर. या ओळीच्या दोन्ही बाजूंना सदाफुली किंवा गलांडा, फूटफूट अंतरावर, एका ओळीत नऊ. कडेला ऑफिस टाइम या जमिनीसरशी पसरणाऱ्या फुलझाडाच्या काड्या सहा इंचांवर. शेजाऱ्याकडून मूठभर तोडून आणल्या तरी लागतात.

दसऱ्याला झेंडू हवा असेल तर अडीच-तीन महिने आधी बी टाका. रोपं तीन-चार आठवड्यांनी, संध्याकाळी लावा. शेंडा खुडल्याने फांद्या वाढतात पण फूल लांबतं, म्हणून खुडायचा तर लावल्यावर महिन्याच्या आत. कण्हेर कमी पाण्यात टिकते, पण ती विषारी आहे; लहान मुलं किंवा शेळ्या असलेल्या घरात नको.

लावून झाल्यावर सोयाबीनचं भूस दोन इंच पसरा, देठाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. देठाला टेकलेलं भूस कुजतं किंवा त्यात वाळवी लागते.

कपड्यांचं पहिलं, साबणाचं पाणी वाफ्यात ओतू नका. त्यातल्या सोड्याने माती चिकट होऊन पाणी मुरत नाही. शेवटी कपडे खळबळलेलं पाणी चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते रोज एकाच वाफ्याला घालू नये.

जास्वंद, मोगरा, गुलाब यांची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चुनखडीमुळे मातीत घातलेलं हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

दिवाळीनंतर तोरणातला वाळलेला झेंडू पुढच्या बियांसाठी कागदी पिशवीत ठेवा. गच्च पाकळ्यांच्या फुलात बी कमी भरतं, आणि संकरित झेंडूच्या बियांतून काही झाडं एकेरी, लहान फुलांची निघतात. म्हणून बी दुप्पट टाका आणि लावताना तजेलदार तेवढीच रोपं निवडा.