पहिला सिरीयस कॅमेरा घेताय? आधी घरातली खोली मोजा

ताडोबाची ट्रिप ठरली किंवा घरात कोणाचं लग्न निघालं की मला हमखास फोन येतो, "भाऊ, कॅमेरा घेऊन राहिलो, कोणता घेऊ?" मी विचारतो, कायचे फोटो काढणार? तर समोरून उत्तर येतं, "सगळेच". आता सगळेच म्हणजे काय बे! झाडावरच्या पक्ष्याचे, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे, आमच्या नागपुरातल्या रात्रीच्या फुटाळा तलावाचे आणि अंगठीतल्या खड्याचे असे सगळे फोटो एकाच लेन्सनं छान काढणारा कॅमेरा अजून कोणी बनवलेला नाही, आणि जवळपास पोचणारं जे काही आहे ते घ्यायचं म्हणजे एखादी बाईक विकावी लागेल. म्हणून मॉडेलची नावं थोडी बाजूला ठेवा, मी सांगतो त्या क्रमानं चला, दोन संध्याकाळी जातील पण पैसे वाचतील.

आधी मोबाइलची गॅलरी उघडा

गेल्या वर्षभरातले तुम्हाला स्वतःला आवडलेले २०० फोटो निवडा. फॉरवर्ड आलेले नाही, स्वतः काढलेले. एका कागदावर चार रकाने करा: घरातली माणसं, रस्ता आणि सण, प्राणी-पक्षी, फिरायला गेलो तिथले. प्रत्येक फोटोसाठी एक रेघ मारत जा, आणि फोटो संध्याकाळी किंवा घरात लाइटमध्ये काढलेला असेल तर रेघेवर टिंब द्या.

माझ्या एका मित्रानं हे केलं. हा पठ्ठ्या सहा महिन्यांपासून १५०-६०० लेन्सच्या (लांबचं जवळ आणणारी, मोठी) गोष्टी करून राहिला होता, वाघ वाघ वाघ. कागदावर निघालं काय, तर जंगलातले फोटो नऊ आणि पोरीचे एकशे वीसच्या वर, त्यातही निम्म्याहून जास्त टिंबवाले, म्हणजे ऑफिसातून आल्यावर ट्यूबलाइटखाली काढलेले. त्याला वाघाची लेन्स नको होती, अंधारात पळणाऱ्या पोरीची पाहिजे होती. पैसा वेगळ्याच दुकानात चालला होता.

आणि कागदावर नुसते तर्री-पोह्याचे, चहाचे आणि ढगांचे फोटो निघाले तर सरळ सांगतो, कॅमेरा घेऊ नका, मोबाइल भरपूर झाला.

आता टेप घ्या आणि खोली मोजा

हसू नका, हीच खरी स्टेप आहे. जो तो सांगतो की किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत येते ती) डोळे झाकून ५० एमएम घ्या (एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ आणि अरुंद), स्वस्त आहे, मागचं छान ब्लर होतं. लेन्स चांगलीच आहे, वाद नाही. पण पहिला कॅमेरा बहुतेकांचा एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप) असतो, हा फुल फ्रेमपेक्षा लहान. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि निकॉन, सोनी, फुजीचा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा अजून किंचित लहान. सेन्सर लहान की लेन्सचं दृश्य कडेनं कापलं जातं, म्हणून ५० एमएम तिथं ७५-८० सारखी वागते.

हिशोब एकदा करून टाकू. माणसं तुमच्यापासून १० फुटांवर उभी आहेत, कॅमेरा आडवा. ५० एमएमनं फ्रेममध्ये साधारण पावणेपाच फूट रुंदी मावते. ३५ एमएमनं पावणेसात. किट लेन्स १८ वर ठेवली तर तेरा फूट.

भाच्याचं बारसं होतं, नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, पाळण्याची खोली दहा बाय अकरा. मी नवीकोरी ५० लावून गेलो, मोठा शहाणा. आजी पाळण्यापाशी, दोन्ही बाजूला दोन मावश्या, मागे आत्या. मी मागे सरकतोय, सरकतोय, शेवटी पाठ लोखंडी कपाटाला टेकली आणि तरी एक मावशी अर्धीच. तिला म्हटलं मावशी जरा आत या, ती आत आली तर आजी झाकली गेली. शेवटी जो फोटो घरात फ्रेम करून लागला तो आत्यानं मोबाइलनं काढलेला.

तर खोली दहा-बारा फुटांची असेल आणि कागदावर घरातली माणसं जास्त असतील तर एपीएस-सीवर २४ ते ३५ एमएमच्या मधली लेन्स बघा. निकॉनच्या डीएसएलआरला (आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा) डीएक्स, म्हणजे एपीएस-सीची, ३५ एमएम एफ/१.८ आहे, त्यांच्याच मिररलेसच्या (आरसा नसलेला) झेड माउंटला (लेन्स अडकते ती कडी) २४ एमएम एफ/१.७, आणि सिग्माची ३० एमएम एफ/१.४ बऱ्याच मिररलेस माउंटसाठी मिळते. ५० घ्यायची ती अंगणात, गच्चीवर, एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटला. तिथं तिला तोड नाही.

एफ नंबर का बघायचा

लेन्सवर १८-५५ एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे १८ वर लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक जास्तीत जास्त ३.५ इतकं उघडतं आणि झूम करून ५५ वर गेलात की ५.६. आकडा लहान तितकं भोक मोठं, हे पहिल्यांदा सगळ्यांचं उलटं होतं, माझंही झालं. ५.६ आणि १.८ मध्ये प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. दहापट! एका ट्यूबलाइटच्या खोलीत एफ/५.६ वर शटर (किती वेळ उघडं राहतं ते) १/१० सेकंद येत असेल तर एफ/१.८ वर ते १/१०० च्या आसपास येतं. १/१० ला पोराचा हात म्हणजे धूर, १/१०० ला पाचही बोटं मोजता येतात.

इथं दुकानदार सांगेल की लेन्समध्ये व्हीआर आहे, आयएस आहे, काही हलत नाही. ते तुमच्या हाताचं हलणं सांभाळतं, पोराचं नाही. पोरगं पळालं की पळालं.

मग बॉडी

बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, मी मुद्दाम कमी बोलतो कारण लोक सगळा वेळ इथंच घालवतात. कॅनन आणि निकॉनचा नवा डीएसएलआर २०२० नंतर आलेलाच नाही, नवीन काम सगळं मिररलेसवर चालू आहे. नवीन घ्यायचा तर मिररलेस: कॅनन आर५०, निकॉन झेड५०-II, सोनी ए६४०० या वर्गातला कोणताही. यांच्यात फोटोच्या क्वालिटीचा फरक घरातल्या कोणालाही ओळखू येणार नाही, पैज लावा. डोळा पकडणारा ऑटोफोकस आहे, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायची खिडकी) फोटो उजळ येणार की काळा ते आधीच दिसतं, शिकणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही. स्वस्तातला कॅनन आर१०० बघत असाल तर माहीत असू द्या की त्याची स्क्रीन टचची नाही आणि फिरतही नाही.

बजेट कमी असेल तर जुना डीएसएलआर अजूनही मस्त सौदा आहे. निकॉन डी३५०० ची बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये १,५५० फोटो देते, मिररलेसमध्ये बऱ्याच ठिकाणी तीनशे-चारशेवर दम संपतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) सकाळी इतवारी-महालात शिरलात की दुपारपर्यंत चार्जिंग कुठलं, पिवळी येते, काळी येते, बडगे येतात, एकेकाचे वीस फोटो होतात.

पण जुन्याच्या नादात मी काय केलं ते ऐका. माझ्याकडे निकॉन डी५६०० होता. एकानं जुनी ५० एमएम एफ/१.८डी दिली, एकदम स्वस्तात, काच चकाचक. घरी आणून लावली, बटन दाबतोय, दाबतोय, लेन्स हलतच नाही. वाटलं खराब दिली. खराब काही नव्हतं, ही डी वाली लेन्स फोकस फिरवायला बॉडीतली मोटर वापरते आणि डी३५००, डी५६०० या बॉड्यांमध्ये ती मोटरच नाही, त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स लागते. विकणाऱ्यानं विचारलंही नाही की कोणत्या बॉडीला लावणार आणि मीही सांगितलं नाही. वर्षभर हातानं फोकस करत बसलो. म्हणून लेन्स घेताना फक्त बसते का एवढं विचारू नका, ऑटोफोकस होतो का ते विचारा, आणि स्वतःची बॉडी सोबत न्या.

माउंटचंही तेच. लेन्स बॉडीला जिथं अडकते ती कडी बहुतेक कंपन्यांची वेगळी. आज कॅनन घेतला आणि पुढं तीन लेन्सा झाल्या की सोनीकडं जाणं म्हणजे घर बदलण्यासारखं. तर ज्या मित्राच्या लेन्सा हक्कानं मागून आणता येतील त्याच्याच माउंटचा घ्या. हे कारण कुठल्याही टेक्निकल कारणापेक्षा मोठं आहे. माझा भाऊ आणि मी एकाच माउंटवर आहोत, दोघांत मिळून चार लेन्सा, भांडण फक्त दिवाळीत होतं.

पैसे कसे वाटायचे

समजा ७० हजार आहेत. ७० चा कॅमेरा बघू नका. ४५ पर्यंत बॉडी आणि किट बसवा, नवीन नाही तर जुनी. पंधरा-सोळा एका उजेडाच्या, म्हणजे लहान एफ नंबरच्या, लेन्सला. उरलेल्यात जादा बॅटरी, ६४ जीबीचं चांगलं कार्ड (व्ही३० लिहिलेलं असलं की व्हिडिओलाही चालतं) आणि साधी बॅग. कार्ड रस्त्यावरून घेऊ नका, नकली कार्डात फोटो दिसतात आणि घरी आल्यावर दिसत नाहीत. बॉडी चार वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स दोन-तीन बॉड्या पाहते.

"पुढं फुल फ्रेम घेईनच" म्हणून आतापासून महागड्या फुल फ्रेम लेन्सा घेणारे पण पाहिले आहेत. ते पुढं काही येत नाही बहुतेकांचं.

जंगलवाल्यांसाठी वेगळं

नागपूरचा माणूस आणि जंगल नको म्हणेल, असं होणार नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा सगळं हाकेच्या अंतरावर. तरी लांब लेन्स पहिल्या दिवशी घेऊ नका. एपीएस-सीवर २५० एमएम असेल तर ३० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण २.८ मीटर येते, म्हणजे आडवा चालणारा वाघ शेपटीसकट फ्रेम भरून टाकतो. वाघाला ५०-२५० सारखी स्वस्त लेन्सही पुरते, तो ३० मीटरवर आला पाहिजे हा भाग वेगळा. खरी पंचाईत पक्ष्यांची आहे. अंबाझरी तलावावर १५ मीटरवर बसलेला खंड्या, चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटरच्या आसपास, त्याच २५० वर फ्रेमच्या पाचव्या भागात येतो. तिथं ४००-६०० लागते.

ती आधी भाड्यानं आणा. दोन दिवस वापरा. दोन किलोची लेन्स सफारीभर हातात धरून बघा, खांदा काय म्हणतो ते बघा, आणि मग ठरवा. जिप्सीत लेन्स बदलू नका, उन्हाळ्यातली ती धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक आभाळात काळे ठिपके.

दुकानात, आणि जुना घेताना

बर्डीच्या बाजारात जायचं तर शनिवारी संध्याकाळी नाही, मधल्या वारी सकाळी जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. आपलं कार्ड खिशात घेऊन जा. कॅमेरा हातात आला की आधी पकडून बघा, करंगळी खाली लोंबकळते का, बटनापर्यंत बोट जातं का. मग आत दोन फोटो, बाहेर रस्त्यावर दोन, आणि कार्ड घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघा. जो दुकानदार एवढं करू देत नाही त्याला नमस्कार.

जुन्यात इतकं नक्की करा:

- एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. साफ होते, पण भाव करायला कामी येते.
- लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिला स्वस्तातही घेऊ नका.
- शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) विचारा. निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमधूनच कळतो.
- बॅटरी टेबलवर ठेवा, डुगडुगली तर फुगलेली आहे.
- बॉडीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एक आहे का. बिलच नाही म्हणाला तर उठा.

नवीन असेल तर विचारा की वॉरंटी कंपनीची भारतातली आहे की दुकानाची. परदेशातून आणलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला की कोणी ओळख देत नाही.

घरी आणल्यावर

मुंबईवाले पावसाळ्याला घाबरतात, आपण कूलरला घाबरायला पाहिजे. मे महिन्यात खस ओली करून कूलर रात्रभर चालतो आणि त्याच खोलीत टेबलावर कॅमेरा पडलेला असतो, म्हणजे बाहेर ४५ डिग्री कोरडं आणि कॅमेऱ्याला मात्र श्रावण. बुरशीला अजून काय पाहिजे? झाकण घट्ट बसणारा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला सिलिका जेल, आणि तो डबा कूलर नसलेल्या खोलीत. बॅगेत महिनोन् महिने बंद ठेवू नका, वापरा.

बिलाचा फोटो आल्या दिवशी काढून ठेवा. माझं बिल त्या पातळ चकचकीत कागदावरचं होतं, गाडीच्या डिक्कीत राहिलं आणि एप्रिल-मे निघाल्यावर काढलं तर कोरं पांढरं, वॉरंटीचे अजून दहा महिने बाकी होते.