वालाचा मांडव उत्तरेला नेला अन् कोथिंबीर सुधारली

आमचं घर इंदिरानगरला, मागं छोटीशी जागा, तारेचं कुंपण. थंडीत कोथिंबीर नुसती लांबट फिकट यायची, पानं कमी अन् दांडेच जास्त. खत घाला, पाणी बदला, सगळे सल्ले ऐकून झाले, पण भानगड वेगळीच होती. वालाचा मांडव दक्षिणेच्या कुंपणाला, आणि डिसेंबरात नाशकात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर, म्हणजे मांडवाची सावली थेट वाफ्यांवर.

मग मांडव उत्तरेला नेला, त्याच्यापुढं टोमॅटो-वांगी, अन् दक्षिणेकडं मेथी, पालक, कोथिंबीर. आता पानं मस्त रुंद, हिरवीगार येतात. वाफे तीन फुटांपेक्षा रुंद नकोत, दोन्हीकडून मधोमध हात पोचला पाहिजे, आपली काळी माती ओली असताना तुडवली की दगड होते. पुदिना नळाजवळ लावला पण कुंडीतच, जमिनीत सोडला तर शेजारच्यांकडं पण जाईल. कढीपत्ता आईंनी आधीच कोपऱ्यात लावलेला, त्याला हात लावायची माझी टाप नाही.

मे महिन्यात मात्र सूर्य डोक्यावर, तेव्हा कोथिंबिरीला उलट सावलीच लागते, हिरवी शेडनेट बांधायची.