दोन कॉम्प्युटर केबलने जोडले, पण एकमेकांना सापडत नाहीत? बिघाड असा शोधा

आपल्याकडे गावातल्या सेवा केंद्रात किंवा कृषी केंद्रात बहुतेक दोन कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर असतो. जून-जुलैत दाखले, सातबारा, पीक विमा अशी सगळी कामं एकदम येतात, कास्तकार दारात उभे असतात आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट जात नाही. अशा वेळी घाईघाईने विंडोज नव्याने टाकू नका. आधी वायर, मग आयपी पत्ता (नेटवर्कवर कॉम्प्युटर ओळखायचा आकडा), मग फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची राखण) आणि शेवटी शेअरिंग (फाइल, प्रिंटर दुसऱ्याला वापरू देणं), हा क्रम सोडू नका. दोन कॉम्प्युटरच्या मधल्या केबलला इंटरनेट लागत नाही. टॉवर बंद असला तरी साठवलेल्या फाइलची प्रिंट निघालीच पाहिजे.

वायर

दोन्ही कॉम्प्युटर चालू करा आणि मागे लॅन पोर्टजवळचा, म्हणजे ही केबल खोचायच्या खाचेजवळचा, बारीक दिवा बघा. दिवा लागत नसेल तर सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. दुसरी, चालू असल्याची खात्री असलेली केबल लावून बघा. अशी एक केबल दुकानात नेहमी जपून ठेवा. मध्ये स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारा डबा) असेल तर त्याचं पोर्ट बदला, स्विच एकदा बंद करून चालू करा.

दिवा दुसऱ्या केबलने लागला तर दोष जुन्या केबलमध्ये. पोत्यांच्या थप्पीमागून, भिंतीच्या कडेने गेलेली केबल उंदीर हमखास कुरतडतात. तिच्यावरून बोट फिरवत शेवटपर्यंत जा. मग टोकाचा आरजे-४५ कनेक्टर बघा. खोचताना टिक आवाज आला पाहिजे. त्याची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर टेबलाला धक्का लागला तरी संपर्क सुटतो. जीभ खाली ठेवून सोनेरी पट्ट्या आपल्याकडे वर दिसतील असा धरला, तर डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा.

आठही तारा लागल्या नाहीत तरी दिवा लागू शकतो. १०० एमबीपीएस वेगाला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्याच तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. दोन्ही पोर्ट गिगाबिट असून वेग १०० वरच अडकत असेल तर उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली असावी. दोन खूप जुनी यंत्रं थेट जोडत असाल तर क्रॉस केबल (एका टोकाला तारांचा क्रम बदललेली) लागते. एका बाजूला गिगाबिट पोर्ट असेल तर साधी केबल सहसा चालते. लांबी १०० मीटरच्या आत असावी.

केबल बदलूनही दिवा लागला नाही, तर पोर्ट गेलं असण्याची शक्यता आहे. मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात तेव्हा बाकी कॉम्प्युटर धडधाकट राहून फक्त लॅन पोर्ट जळालेलं दिसतं. यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर घेतला की काम भागतं. केबल छतावरून दुसऱ्या इमारतीत जात असेल तर आभाळ भरून येताच दोन्ही टोकं काढून ठेवा.

पत्ता

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असं इंग्रजीत लिहून एंटर करा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात आयपी व्हर्जन ४. पहिल्या कॉम्प्युटरला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ द्या. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे (बाहेरच्या नेटकडे जाणारा रस्ता) रिकामा सोडा, नाहीतर डोंगलवरून येणारं नेट अडखळू शकतं. १९२.१६८.१ ही मालिका मुद्दाम टाळली, कारण अनेक राउटर तीच वापरतात आणि मग दोन रस्त्यांचा गोंधळ होतो. मात्र मधल्या राउटरमधूनच दोन्ही कॉम्प्युटर जोडले असतील तर हे करू नका, पत्ता आपोआप घ्यायला ठेवा. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असं समजा.

पिंग आणि फायरवॉल

पिंग म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला हाक मारून तो ओ देतो का ते बघणं. पहिल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पिंग लिहा, जागा सोडा आणि दुसऱ्याचा पत्ता टाका. ‘रिप्लाय’ आला तर रस्ता मोकळा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर पुन्हा पत्ता आणि वायर तपासा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर बहुधा दुसऱ्याची फायरवॉल आडवी येते आहे. नेटवर्क ‘पब्लिक’ असलं की विंडोज बाहेरून आलेल्या हाकेला उत्तर देत नाही. सेटिंगमध्ये इथरनेटला ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. फायरवॉल कायमची बंद करू नका. त्या कॉम्प्युटरमध्ये लोकांचे आधार आणि पासबुकच्या प्रती असतात, त्यांची जबाबदारी आपली आहे.

शेअरिंग

पिंग लागतो पण फोल्डर उघडत नाही, तर ‘नेटवर्क’मध्ये नाव शोधत बसू नका. विंडोज-आर दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे पत्ता लिहा. नाव-पासवर्ड मागितला तर तो समोरच्या कॉम्प्युटरचा द्यायचा. तिथल्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. त्यासाठी वेगळं, पासवर्ड असलेलं खातं उघडा. ‘गेस्ट’ म्हणून शिरणं विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सहसा चालत नाही.

शेवटी, प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला जोडला आहे त्याची ‘स्लीप’ पॉवर सेटिंगमधून ‘नेव्हर’ करा. तो झोपी गेला की दुसऱ्याला प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो.